व्हॅनिटी व्हॅनमधला जनरेटर आणि न्यूट्रलची एक गाठ

(पहाट. पाऊस नुकताच थांबला आहे. ओल्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅन.)

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी 1977 साली उभी राहिली. सकाळच्या शिफ्टपूर्वी या गाड्या इथे येऊन थांबतात. आत आरसे, सोफा, शौचालय, दोन एसी आणि गिझर असतो; मागे जाळीच्या दाराआड, आवाज दाबणाऱ्या पेटीत, जनरेटर बसवलेला असतो. वीज गाडीतच तयार होते, गाडीतच खर्च होते आणि गाडी उभी असते रबरी चाकांवर. म्हणूनच घराच्या वायरिंगची सवय इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

घरात फेजची, म्हणजे करंट आणणारी, तार एसीच्या पत्र्याला टेकली, तर करंटला अर्थिंगच्या तारेतून परतीची वाट मिळते, कारण पुरवठ्याच्या मुळाशी न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंग जोडलेले असतात. करंट क्षणात वाढतो आणि एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडते. लहान जनरेटरचे न्यूट्रल मात्र पुष्कळदा कशालाच जोडलेले नसते. अशा जनरेटरवर तोच दोष उद्भवला, तर काहीच घडत नाही: दिवे जळत राहतात, एसी चालत राहतो. ही शांतता जाणत्या वायरमनला सर्वांत जास्त खुपते. गाडीचा सगळा पत्रा आता फेजचा झालेला असतो आणि न्यूट्रलचे एखादे उघडे टोक व पत्रा एकाच वेळी कोणाच्या हाताला लागले, तर परतीची वाट त्या माणसाच्या शरीरातून जाते. गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणारा स्विच म्हणजे आरसीसीबी; तिलाही हे कळत नाही. तिच्या हिशेबी गेला तेवढा करंट परत आलेला असतो.

(जनरेटरच्या टर्मिनल बॉक्सचे जवळून दृश्य.)

यावर उपाय म्हणून जनरेटरचे न्यूट्रल त्याच्या सांगाड्याला आणि सांगाडा गाडीच्या चासीला जाड, लवचिक तांब्याच्या तारेने जोडतात आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी या जोडाच्या पुढे बसवतात. निवेदनापुरते या जोडाला आपण गाठ म्हणू. ही गाठ एकाच ठिकाणी असावी. गाडीच्या 12 व्होल्टच्या दिव्यांसाठी बॉडीतूनच करंट परत नेण्याची रीत आहे. तीच रीत 230 व्होल्टला लावून न्यूट्रलची तार वाचवणारे महाभागही भेटतात. चासीने दोषाचा करंट वाहावा, रोजचा नव्हे.

गाडीशेजारी जमिनीत सळई ठोकली की काम झाले, असा एक समज आहे. सळई जरूर असावी, पण तिच्या भरवशावर एमसीबी पडत नाही. मातीचा रोध 20 ओहम धरला, तरी 230 व्होल्टला जेमतेम 11.5 अँपिअर करंट वाहील आणि 32 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घ्यावी लागणार नाही.

खरा गुंता स्टुडिओचा बाहेरचा पुरवठा गाडीला जोडताना होतो. त्या पुरवठ्याची गाठ त्याच्या मुळाशी आधीच बांधलेली असते. गाडीतली गाठही तशीच राहिली, तर न्यूट्रलचा काही करंट अर्थिंगच्या तारेतून वाहू लागतो आणि स्टुडिओची आरसीसीबी वारंवार पडते. मग कोणीतरी ‘ही उगाचच पडते’ असे म्हणून तीच काढून टाकतो. वास्तविक ती आपले काम चोख करत असते. म्हणून चेंजओव्हर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलांचा आणि मध्ये बंद स्थिती असलेला हवा. जनरेटर वेगळा झाला की त्याच्याबरोबर त्याची गाठही बाजूला होते आणि दोन पुरवठे एकमेकांना भेटत नाहीत. दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर मात्र गाडीत ठेवूच नये. तिचे एक टोक जनरेटरवर असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात.

मापाबद्दल थोडक्यात. साडेसात केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचे माप) चा जनरेटर 0.8 पॉवर फॅक्टरला, म्हणजे क्षमतेतला तेवढा वाटा प्रत्यक्ष कामी येतो असे धरून, 6 किलोवॉट देतो, म्हणजे पूर्ण भारावर सुमारे 32 अँपिअर. दोन एसी, 2 किलोवॉटचा गिझर आणि हेअर ड्रायर एकदम सुरू झाले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कित्येक पट करंट ओढतो. पेटीतली उष्णता लक्षात घेऊन मुख्य तार 6 ऐवजी 10 चौरस मिलिमीटरची घेणे शहाणपणाचे.

तार बारीक तारांची, लवचिक हवी, कारण जनरेटरच्या थरथरीने एकसंध तार टर्मिनलपाशी तुटते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचे कडे) हवे. मुंबईच्या खाऱ्या हवेत तांबे दोन पावसाळ्यांत हिरवे पडते. म्हणून कथिल चढवलेले लग (तारेच्या टोकाला लावायच्या कड्या) क्रिंप करावेत, म्हणजे दाबून घट्ट बसवावेत, आणि चासीवरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा. धुराची नळी शेजारच्या गाडीच्या खिडकीकडे रोखलेली नसावी. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा गजर देणारे यंत्र आत हवेच.

(गाडीच्या आत. वायरमनच्या हातात टेस्ट लॅम्प.)

आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून बहुतेक जण समाधान मानतात. ते बटण फक्त आरसीसीबीची परीक्षा घेते. गाठ नसली तरी ती पडतेच. म्हणून परवानाधारक वायरमन जनरेटर सुरू असताना 40 वॉटचा दिवा फेज आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धरतो. गाठ शाबूत असेल, तर त्यातून सुमारे 170 मिलिअँपिअर वाहतात आणि आरसीसीबी तत्काळ पडते.

खट् असा आवाज होतो. आरशाभोवतीचे दिवे विझतात, एसी थांबतो आणि मेकअपच्या खोलीतून आवाज येतो, ‘दादा, लाइट गेली!’ वायरमन वहीत तारीख लिहितो आणि मगच आरसीसीबी वर करतो.