पन्नासातली सतरा

जप्त झालेली रिळं पन्नास. त्यातली सतरा फ्रेंच चित्रपटकार रने व्होतिएनं सरकारच्याच ताब्यातून लांबवली. 'आफ्रिक 50' हा जेमतेम सतरा-अठरा मिनिटांचा सिनेमा उभा आहे तो तेवढ्यावर.

व्होतिए 1928 साली जन्मला ब्रिटनीत. ब्रिटन नव्हे, फ्रान्सचं अटलांटिकमध्ये घुसलेलं टोक. मिसरूड फुटायच्या वयात तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता. सोळाव्या वर्षी छातीवर युद्धपदक. मग पॅरिसला सिनेमाचं शिक्षण. एका शिक्षणविषयक संघटनेनं त्याला पश्चिम आफ्रिकेला धाडलं. काम साधं होतं : वसाहतींत फ्रान्स किती छान शिकवतोय, ते टिपून आण.

त्याला दिसलं भलतंच. नायजर नदीवरच्या धरणाची दारं माणसं हातानं उचलतायत, कारण यंत्रापेक्षा मजूर स्वस्त. पुढे एक जळलेलं गाव, भिंतींना गोळ्यांची भोकं.

अधिकाऱ्यांनी 1934चा हुकूम नाकासमोर धरला. वसाहतीत परवानगीशिवाय कॅमेरा चालवायचा नाही. रिळं जप्त झाली ती यावरूनच. हुकूम काढणारा मंत्री कोण, तर पिएर लावाल. जर्मनांना सामील झाला म्हणून 1945 मध्ये फ्रान्सनंच ज्याला गोळ्या घातल्या, तोच. आणि त्याच्या हुकमावरून तुरुंगात गेला तो जर्मनांशी लढलेला पोरगा.

सुटल्यावर गप्प बसेल तर तो व्होतिए कसला! फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात तो बंडखोरांच्या बाजूनं चित्रण करायला गेला. गोळीबारात कॅमेरा फुटला, त्याचा एक तुकडा डोक्यात रुतला तो कायमचा. इतकं करून त्याच बंडखोरांना त्याचा संशय आला, आणि त्यांनी त्याला ट्युनिशियात दोन वर्षांहून जास्त डांबून ठेवलं.

1972 मध्ये त्याच्या अल्जीरियावरच्या कथापटाला कान महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. इथं कुणीही जरा विसावलं असतं. हा पुढच्याच जानेवारीत उपोषणाला बसला, तेही दुसऱ्याच्या सिनेमासाठी. 1961 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांना ठार मारलं, त्यावरचा माहितीपट सेन्सॉरनं अडकवला होता. महिनाभर पोटात अन्न नाही. शेवटी परवाना सुटला.

आणि ती सतरा रिळं? 'आफ्रिक 50' वर चाळीसहून जास्त वर्षं बंदी होती. ती उठल्यावर सिनेमाची प्रत व्होतिएच्या हातात ठेवली फ्रान्सच्या परराष्ट्र मंत्रालयानं. उरलेली तेहेतीस रिळं मात्र त्याला कधीच परत मिळाली नाहीत.