दुसरा डाव

पात्रांचे निर्णय आणि त्यांचे परिणाम असा विषय निघाला की आपण लगेच पात्राची एखादी चूक शोधतो आणि पुढची सगळी वाताहत तिच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. मला मात्र पहिल्या चुकीपेक्षा तिच्यानंतरचा निर्णय महत्त्वाचा वाटतो. तोवर परिणामांची चव पात्राने घेतलेली असते.

महाभारतातलं द्यूत घ्या. द्यूत म्हटलं की वस्त्रहरण आठवतं आणि आपण तिथेच थांबतो. सभापर्व तिथे थांबत नाही. धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो. ती आधी युधिष्ठिराला, मग उरलेल्या चौघांना दास्यातून सोडवते आणि तिसरा वर नाकारते. राज्यही परत मिळतं. म्हणजे हरलेलं सगळं पदरात पडलं! पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात, आणि मागून पुन्हा खेळायचं बोलावणं येतं. युधिष्ठिर परत फिरतो.

पहिल्या वेळी त्याच्या बाजूने बोलता येतं. ज्येष्ठांचं निमंत्रण, आव्हान न नाकारण्याचं त्याचं व्रत, समोर शकुनीसारखा कसलेला खेळाडू. दुसऱ्या वेळीही हे सगळं तसंच आहे. फक्त भरसभेत काय होऊ शकतं, हे आता त्याने पाहिलंय. यात नाश आहे हे जाणूनही तो बसतो. एकच डाव. हरेल त्याला १२ वर्षं वनवास आणि वर्षभर अज्ञातवास. जुगाराचं वेड, एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही. वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडणं त्याला राज्य गमावण्याहून जड जातं. त्याची किंमत भावांनी आणि द्रौपदीने का मोजायची, हे मात्र तो कुणाला विचारत नाही.

शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाला मारण्याआधी किती घुटमळतो! ‘आता पुढे जायचं नाही’ असं बायकोला सांगूनही टाकतो. सोबतचा सेनानी बँको, त्याच्या वेळी तो मारेकरी नेमतो आणि तिला पत्ताही लागू देत नाही. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचं कळतं, तेव्हा त्याच्या बायकामुलांना मारायचं तो उभ्याउभ्या ठरवतो. त्यातून हाती काही लागणार नाही, तरीही. तू राजा होशील, असं भाकीत चेटकिणींनी केलं होतं. ही मुलं मारायला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

नेमकी उलटी गोष्ट नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या नोराची. १८७९चं ‘अ डॉल्स हाऊस’. नवऱ्याच्या उपचारांसाठी कर्ज काढताना ती वडिलांची खोटी सही करते, तीही त्यांच्या मृत्यूनंतरची तारीख घालून. ही सही उघड करायची धमकी देणारा सावकार पुढे कर्जरोखा परत पाठवतो, संकट टळतं, नवरा उदार होऊन क्षमा करतो. मामुली नाटकात इथे पडदा पडला असता. नोरा मात्र संकट टळल्यावर घर सोडते, कारण संकटात नवरा कसा तिच्यावरच उलटला हे तिने पाहिलेलं असतं.

जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला दुसरा शेवट लिहावा लागला. इतर कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून त्याने तो लिहिला आणि वर त्याला रानटीपणाही म्हटलं. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो, ती कोसळते आणि राहते. माझी तक्रार तिच्या राहण्याबद्दल नाही. विचार करून, सगळं ओळखून राहणारी नोराही रंगवता आली असती, कदाचित ती अधिक भयंकर ठरली असती. या शेवटात नोरा काही ठरवतच नाही.