छत्रीपासून टीव्हीपर्यंतची वायर

(दृश्य: कौलारू घर, मागे माड, पडवीच्या कोपऱ्यावर लोखंडी पाइपला लावलेली छत्री)

रत्नागिरीजवळचं हे घर. छत्रीचं तोंड आग्नेयेला आहे. डीडी फ्री डिशचे चॅनेल ज्या जीसॅट-१५ वरून येतात, तो उपग्रह त्याच बाजूला, क्षितिजापासून साठेक अंश वर, जवळपास ३६ हजार किलोमीटर लांब. मध्ये माडाची भिजलेली झावळ आली, की चित्र अडखळलंच म्हणून समजा. त्यामुळे आधी आकाश बघायचं, मग भिंत ठरवायची.

छत्रीसमोर दांड्यावर बसलाय तो एलएनबी. वरून येणाऱ्या १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वायरीत घातल्या तर वाटेतच विरून जातील. एलएनबी त्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झवर उतरवतो आणि मग खाली सोडतो. त्यासाठी लागणारी वीज, १३ किंवा १८ व्होल्ट, सेट टॉप बॉक्समधून त्याच वायरीने वर चढते. एवढं सगळं जिच्यावर, ती वायर घेताना आपण "वीस मीटर द्या" म्हणतो आणि पैसे देऊन निघतो. छत्री मात्र ठोकून बघतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

(दृश्य: ब्लेडने सोललेली वायर, अगदी जवळून)

काळं आवरण, खाली जाळी, चंदेरी फॉइल, पांढरा फोम आणि मधोमध तार. आवरणावर आरजी-६ (वायरीचा प्रकार) आणि ७५ ओहम (तिचा विद्युत रोध) छापलेलं बघा. आरजी-५९ त्याहून बारीक, सिग्नल जास्त खाते.

आता तारेला लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. सिग्नल तारेच्या अंगावरूनच धावतो, म्हणून छपरावरून खोलीत यायला तीही चालते. वीज मात्र अख्ख्या तारेतून जाते. अंतर लांबलं, त्यात जोड आले, की व्होल्ट घटतात. एलएनबी १३ व्होल्टला उभ्या डोलणाऱ्या लहरींचे चॅनेल घेतो, १८ ला आडव्या. १८ चे १४ झाले तर तो ते १३ च समजतो आणि आडव्या लहरींचे चॅनेल जातात. लांबच्या अंतराला निखळ तांब्याचीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आमच्या घरी मृगाच्या पहिल्याच सरीत टीव्ही काळा झाला होता. छत्री हलवून झाली, बॉक्स बदलून झाला. शेवटी एलएनबीचा कनेक्टर उघडला, तर तार हिरवी पडलेली आणि फोम ओलाचिंब. कनेक्टर दाबून बसवायचा घ्या, पिळून चढवायचा नको. वर रबरी टोपी हवीच. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये.

आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या.

(दृश्य: पाऊस. वायरीचा झोल, जवळून)

पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी थेंब जमतो, आणि तिथूनच अंगणात टपकतो.