तपासणारी नजर

पडद्यावरचे हे भाषांतर या अनुवादिकेने केलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने काही क्षणांत तयार केलेल्या खर्ड्यावरून ती नजर फिरवते आहे. वाक्ये सफाईदार आहेत, व्याकरणात खोट नाही, मात्र औषधाच्या माहितीपत्रकात ‘जेवणापूर्वी’च्या जागी ‘जेवणानंतर’ पडले आहे, आणि ही चूक तिला चटकन दिसते, कारण असा मजकूर तिने वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने उतरवला आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि लिहिण्यापेक्षा लिहिलेले तपासण्याचे काम अनेकांच्या वाट्याला येऊ लागले. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालातील उद्योगांच्या अंदाजानुसार, कामगारांच्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये २०३० पर्यंत बदलतील किंवा कालबाह्य होतील.

नवख्यांना अशा यंत्राचा मोठा आधार मिळतो, हे मान्य करायलाच हवे. ग्राहकसेवेतील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांच्या कामाचा अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा नवख्यांची तासागणिक कामगिरी सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे दिसले. मुरलेल्यांना मात्र फारसा लाभ झाला नाही; अभ्यासकांच्या मते, त्यांचेच कसब यंत्राने आत्मसात करून नवख्यांना सुचवले असावे.

पण यंत्र चुकते तेव्हा काय होते? २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मूळ निवाडा उघडून पाहण्याची साधी सवय तिथे कमी पडली.

त्याहून अस्वस्थ करणारी नोंद पोलंडमधील आहे. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊ लागलेल्या डॉक्टरांनी त्या मदतीविना केलेल्या तपासण्यांत, कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कारण ठामपणे सांगता येत नाही. तरीही वापरात नसलेली नजर मंदावते, ही शंका अनुभवी डॉक्टरांबाबत येत असेल, तर ज्यांची नजर अजून तयारच व्हायची आहे त्यांचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही.

अनुवादिकेशेजारी एक शिकाऊ मुलगी बसली आहे. तिने आधी संपूर्ण परिच्छेद स्वतः उतरवला आहे. आता यंत्राचा खर्डा उघडून, दोन्ही समोरासमोर ठेवून, ती पहिल्या ओळीवर बोट ठेवते.