हाकेच्या अंतरावरचा खेळ

नमस्कार श्रोतेहो.

सात चपटे दगड, एक रबरी चेंडू आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन गडी. लगोरीला एवढंच लागतं. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत दगड आहेत, चेंडू आहे, मुलंही भरपूर आहेत. पण संध्याकाळी सहा वाजता सहा मुलं एकाच वेळी मोकळी सापडत नाहीत. एक क्लासला गेलेला असतो, दुसरी स्केटिंगला. तिसऱ्याची आई अजून लोकलमध्ये असते, म्हणून त्याला खाली उतरायची परवानगी नसते. आज बोलायचं आहे ते या न जमणाऱ्या सहा मुलांबद्दल, आणि ती पुन्हा कशी जमवायची याबद्दल.

याचं खापर आपण लगेच मोबाईलवर फोडतो. पण इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक पाहणी वेगळंच सांगते. १९७१ साली तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल नव्हते. पालकांनी सांगितलेलं मुख्य कारण होतं रस्त्यावरची वाहनं. म्हणजे मूल आधी रस्त्यावरून उठलं आणि रिकाम्या झालेल्या हातात मोबाईल नंतर आला. म्हणूनच नुसता मोबाईल काढून घेतला तर मूल खेळायला जात नाही, कंटाळून घरातच बसतं.

आपल्याकडे या कारणात आणखी एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे उंची. नौपाड्यातल्या दुमजली घराच्या गॅलरीतून हाक मारली की मूल "आलो गं" म्हणायचं. बैठ्या चाळीत ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजीचं सगळं लक्ष सुपात असायचं, पण कान अंगणात असायचे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरून ना हाक खाली पोहोचते, ना खालचं रडणं वर. हाक तुटली, म्हणून पहारा आला. आज मूल खाली उतरतं ते आईबरोबर, मावशींबरोबर किंवा कोचकडे.

कोचकडे खेळ होतो, मग अडचण काय? कोचकडे व्यायाम होतो, कौशल्य येतं, ते चांगलंच आहे. पण तिथे राज्य कुणावर हे मुलांना ठरवावं लागत नाही. तळहात उताणे-पालथे करून चकायचं, एकेकाने सुटत जायचं, उरेल त्याने राज्य घ्यायचं. धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं, म्हणजे तो खेळतो पण बाद होत नाही. कुणी पडलं की टाइमप्लीज. कुणी हट्टाला पेटलं तर "रडीचा डाव" म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला ताळ्यावर आणायचं. हा सगळा कारभार मुलं स्वतः करतात, कारण खेळ मोडला तर नुकसान त्यांचंच असतं. शिट्टी मोठ्यांच्या तोंडात गेली की हा कारभार संपतो. मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात असं मांडलं की, मुलांची मनं अस्वस्थ होण्यामागे त्यांनी स्वतःहून काही करण्याच्या संधी घटणं हे एक मोठं कारण आहे.

डोळ्यांचंही थोडक्यात सांगायला हवं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं. बाहेर जाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३०.४ टक्के राहिलं. बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. त्यासाठी टळटळीत उन्हात उभं राहायची गरज नाही, झाडाची सावलीही चालते.

आता जागा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. नवी मुंबईचे सेक्टर आखताना शाळा, बाजार आणि मैदान पायी जाण्याच्या अंतरावर असावं, ही कल्पना होती. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज एकदा चालत जाऊन बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथे सात-सात घरं एका अंगणाभोवती मांडली. अंगण सुमारे आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरं, आणि त्यांच्यामध्ये साधारण बारा मीटरचं थोडं मोठं अंगण. चार वर्षांच्या मुलाला पहिलं अंगण पुरतं, आठ वर्षांचं मूल दुसऱ्यात जातं. वय वाढतं तशी जागा वाढते, आणि कुठेही असलं तरी ते कुणाच्या तरी दारासमोरच असतं.

ठाण्यात मोठ्या संकुलांना मंजुरी देताना नियमावलीत खुल्या जागेची अट असते. ०.४ हेक्टर, म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मनोरंजनासाठी राखायची असते. तुमच्या सोसायटीचा मंजूर नकाशा कार्यालयात मागून बघा आणि ती जागा आज कुठे आहे ते शोधा. बऱ्याचदा तिच्यावर "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी असते किंवा पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात. पाटी काढणं हे सर्वसाधारण सभेच्या हातातलं काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

जागा मिळाली की वेळ ठरवा, आणि इथे चूक करू नका. "मुलांना कधीही खेळू दे" असं म्हटलं की कुणीच येत नाही, कारण खाली कुणी असेल याची खात्री नसते. आठवड्यातले दोनच वार घ्या, उदाहरणार्थ बुधवार आणि शनिवार, आणि त्या तासाला क्लास लावू नका. बारा घरांनी हो म्हटलं तर आठ-दहा मुलं उतरतात, आणि डबा ऐसपैससाठी तेवढी पुरेत. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. म्हणून थंडीत पावणेपाच आणि उन्हाळ्यात सहा अशी सुरुवात ठेवा.

त्याआधी एका सकाळी वॉचमन आणि प्लंबरला बरोबर घेऊन आवारात फिरा. जोखीम आणि छुपा धोका यांतला फरक मनात ठेवून बघायचं आहे. झाडाची उंची ही जोखीम आहे. ती मुलाला दिसते, पोटात गोळा येतो, ते स्वतःच थांबतं. सांडपाण्याच्या टाकीचं गंजलेलं झाकण हा छुपा धोका आहे. तो मुलाला कळूच शकत नाही. जोखीम ठेवायची, धोका काढायचा. टाक्यांची झाकणं घट्ट आहेत का, मीटर रूम, पंप रूम आणि जनरेटरला कुलूप आहे का, बागेतल्या दिव्याच्या खांबातून वायर लोंबत नाही ना, हे बघा. पोडियमचा, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या अंगणाचा, कठडा फरशीपासून मोजू नका. त्याला लागून असलेल्या कुंडीवर किंवा बाकावर मूल उभं राहतं, तिथून मोजा. तिथूनही कठडा त्याच्या छातीच्या वर हवा. नसेल तर कुंडी हलवा. झोपाळ्याखाली वाळू असेल तर ती ३० सेंटीमीटर खोल हवी. वाळू दबून सिमेंटसारखी होते, म्हणून महिन्यातून एकदा फावड्याने उकरावी लागते. गुळगुळीत टाइल्सवर पाऊस पडला की पळापळीचे खेळ तिथे बंद.

सगळ्यात मोठा धोका मागे येणाऱ्या गाडीचा. बसलेलं किंवा बुटकं मूल ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. म्हणून लपाछपीतून पार्किंग पूर्ण वगळायचं, आणि खेळाच्या तासाला आतल्या रस्त्याची एक बाजू बंद ठेवायची. दोरी बांधू नका. संधिप्रकाशात ती दुचाकीवाल्याला दिसत नाही. दोन प्लास्टिकचे शंकू आणि त्यांच्याजवळ वॉचमन, एवढं पुरतं.

झाडावर चढू द्यावं का? जरूर द्यावं. नियम एकच, वर ढकलून बसवायचं नाही. स्वतः चढलेलं मूल बहुतेक वेळा स्वतः उतरतं. उचलून बसवलेलं अडकतं. फांदी जिवंत हवी आणि मुलाच्या दंडापेक्षा जाड हवी. शेवग्यावर मात्र नाही, त्याचं लाकूड कडाड्कन मोडतं. ओल्या बुंध्यावरही नाही.

खेळणी विकत घेऊ नका. एक गोणपाट भरा. त्यात लगोरीसाठी कडाप्प्याचे सात तुकडे, सर्वांत मोठा तळहाताएवढा, सर्वांत लहान बिस्किटाएवढा, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. दोन टेनिसचे चेंडू. तीन-चार जुन्या साड्या, नारळाच्या करवंट्या, पुठ्ठ्याचे खोके, पाइपचे तुकडे. टायर असेल तर त्याला खालून चार भोकं पाडा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. एका साडीचं घर होतं, दुकान होतं, नदी होते. झोपाळ्याचा मात्र एक झोपाळाच होतो.

आता मोठ्या माणसाचं काम. ओट्यावरच्या आजीची जागा कुणीतरी घ्यायला हवी. बारा घरांनी पाळी लावली तर दोन वारांच्या हिशेबाने प्रत्येकाची पाळी सहा आठवड्यांनी येते. बाकावर बसायचं, मुलांकडे पाठ केली तरी चालेल, हाक ऐकू आली पाहिजे. हातात निवडायला भाजी असली तर उत्तम. जवळ पाणी, साबण आणि पट्ट्या ठेवा. खरचटलं तर नळाखाली धुवायचं, संपलं. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं तर थेट दवाखाना. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे न्या. अर्ध्या तासात पोहोचलं तर दात वाचण्याची शक्यता चांगली असते. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

भांडण झालं की मात्र उठू नका. इथेच बहुतेक प्रयोग फसतात. "काकू, हा चिडी खेळतोय" अशी तक्रार आली तर "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणा. बहुतेक भांडणं काही मिनिटांत विझतात, कारण डाव पुढे न्यायची घाई सगळ्यांनाच असते. एकदा तुम्ही निवाडा दिलात की पुढचं प्रत्येक भांडण तुमच्याकडे येतं. उठायचं ते रक्त आलं, कुणाला श्वास घेता येईना, हातात दगड आला, किंवा रोज एकाच मुलाला सगळे मिळून सतावत असतील तेव्हा. शेवटची गोष्ट भांडण नव्हे, ती वेगळी असते आणि तिथे मोठ्यांनीच पडायला हवं.

दहा-अकरा वर्षांच्या मुली हळूहळू कडेला जाऊन उभ्या राहतात, याकडेही लक्ष ठेवा. मधली जागा क्रिकेटने व्यापलेली असते. दोन वारांपैकी एक वार बॅटशिवायचा ठेवा. विषामृत, साखळी, डबा ऐसपैस यांत मुलगे-मुली आपोआप मिसळतात. आणि वॉचमनची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं आवारात असतील तर ती खेळात असलीच पाहिजेत. "फक्त सभासदांसाठी" ही पाटी मुलांच्या खेळाला लावणं अन्यायाचं आहे, आणि त्याने गडी कमी पडतात ते वेगळंच.

काचा फुटतील. पहिल्याच सभेत ठरवा की खर्च बारा घरांत वाटून घ्यायचा. तळमजल्यावरच्या आजोबांना वेळ आधी सांगा. निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात.

गेटबाहेरचं पाऊल यानंतर. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट जोखता येत नाही. त्यामुळे त्याआधी एकट्याने मोठा रस्ता नाही. नेरूळ-वाशीच्या सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर सराव सोपा पडतो. चार फेऱ्या करा. पहिल्या फेरीत तुम्ही पुढे. दुसऱ्या फेरीत मूल पुढे आणि मोठ्याने सांगत चालेल, "आता थांबतो, डावीकडे रिक्षा आहे." तिसऱ्यात तुम्ही वीस पावलं मागे. चौथ्यात ते एकटं. घोडबंदरच्या सेवा रस्त्यावर दुचाक्या उलट्या दिशेनेही येतात, तेव्हा दोन्हीकडे बघायची सवय पक्की करा. पुढच्या सेक्टरच्या बागेत जायचं तर तिघांनी जायचं. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ बसतो, तिसरा सांगायला पळतो. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" यापेक्षा "घरी सांगितल्याशिवाय कुणाबरोबरही जायचं नाही, ओळखीच्याबरोबरही नाही" हे शिकवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून घ्या.

पावसाळ्यात सुट्टी देऊ नका. भिजत खेळायला हरकत नाही. मात्र विजा कडाडू लागल्या की आत, आणि पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात नाही, कारण त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो.

एक शेवटचं. पहिले दोन आठवडे मुलं नुसती उभी राहतील. "काय करू? बोअर होतंय" म्हणतील. तुम्हाला वाटेल, आपणच एखादा खेळ घ्यावा. घेऊ नका. ते सात तुकडे एकावर एक रचून ठेवा, चेंडू शेजारी ठेवा, आणि बाकावर जाऊन भाजी निवडायला बसा.

नमस्कार.