अलीकडं काय वाचलंत?
(माहितीपटासाठी निवेदन)

(पहाट. स्ट्रॉबेरीचे वाफे, मल्चिंगच्या कागदावर दव.)

पाचगणीहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच अंतरावर भिलार येतं. फेब्रुवारी आहे. तोडणी उजाडताच सुरू होते, कारण ऊन चढलं की फळ मऊ पडतं. हे हात बघा. देठ नखानं खुडायचा, फळ दाबायचं नाही. डबे भरून गाडीत चढले की हेच हात धुऊन घराचा पुढचा दरवाजा उघडतात. दरवाज्याशेजारी पाटी आहे: कादंबरी. थोडं पुढं गेलं की कविता. मग इतिहास, चरित्रं, विज्ञान, बालसाहित्य.

4 मे 2017 रोजी भिलार पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. इथं लोकांनी आपल्या राहत्या घरातली खोली दिली. सुरुवातीला 25 ठिकाणं होती आणि सुमारे 15,000 पुस्तकं. राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं आणली, चित्रकारांनी भिंती रंगवल्या. बाकी सगळं घरच्यांनी सांभाळलं. पाहुणा आला की पंखा लावायचा, पाणी द्यायचं, आणि तो वाचत असेल तर टीव्हीचा आवाज कमी करायचा. वाचायला पैसे पडत नाहीत.

(खोली. सतरंजी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेचं कपाट.)

ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक कधी नेलं आणि कधी परत आलं, एवढंच लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला काय वाटलं, याचा रकाना नसतो. म्हणून तीन दिवस आम्ही भेटेल त्याला एकच विचारलं: अलीकडं काय वाचलंत, आणि कसं वाटलं?

या आजी साताऱ्याहून आल्यात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी दिवाळीनंतर संपवली. आयुष्यभर ऐकत आल्या होत्या, की पुस्तक फार दुःखाचं आहे, म्हणून हातच लावला नव्हता. सुनेनं आणून दिलं तेव्हा उघडलं. नवऱ्यानं धर्म बदललेला, पाच वर्षं ताटातूट, आणि तरी ही बाई इतकी हसवते कशी, हे त्यांना अजून उलगडलेलं नाही. एक पान त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं.

(इथं निवेदन नाही. आजी वाचतात, मध्येच हसू आवरत नाही, चष्मा काढतात.)

इतिहासाच्या घरात वाद चालला होता. हा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ त्यानं झाशीच्या राणीसाठी हाती घेतलं. वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि 1857च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. पुस्तक छापून आलं 1907 साली. या मुलाच्या मनात राणीइतकीच भटजींची कावड घर करून राहिलीय. कमावलेलं सगळं लुटलं गेलं, पण गंगेचं पाणी त्यांनी खांद्यावरून घरी आणलं आणि आईवडिलांना त्यानं अंघोळ घातली. त्याचं म्हणणं, हे पुस्तक इतिहासाच्या कपाटात ठेवूच नये, प्रवासवर्णनात ठेवावं. शेजारी बसलेल्या मास्तरांना हे अजिबात मान्य नाही. बंडाच्या धामधुमीतून वाचून आलेल्या माणसानं लिहिलंय ते, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात. अर्धा तास गेला, चहा दोनदा झाला. कपाट कुठलं, ते काही ठरलं नाही. आम्हाला मुलाचं पटलं.

दहावीतल्या या मुलीनं जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचली. बुद्धिमान यंत्रमानव माणसालाच भारी पडायला लागतो, हे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहिलेलं आहे, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा पहिली पानं उलटून साल बघितलं.

सगळ्यांनाच आवडलं असं नाही. एका काकांनी बक्षीस मिळालेली कादंबरी ऐंशी पानांवर सोडून दिली. माणसं बोलतात कमी आणि विचारच करत बसतात, असं त्यांचं मत. कॅमेऱ्यासमोर हे सांगावं की नाही, म्हणून ते जरा घुटमळले. आम्ही ते मुद्दाम ठेवलं आहे. ऐंशी पानं मन लावून वाचून कंटाळा आला, असं सांगणारा माणूस आम्हाला खरा वाचक वाटतो.

(शेताचा बांध. दुपार.)

या ताईंनी शाळा चौथीत सोडली. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवली, तशी त्यांनी ‘बहिणाबाईंची गाणी’ ऐकली. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, जपल्या आणि 1952 साली, त्यांच्या मागं, पुस्तक आलं. खानदेशातले शब्द ताईंना अडतात. पण वाकून काम करताना कंबर कुठं दुखते, ते या बाईला ठाऊक होतं, असं त्या म्हणाल्या, आणि परत वाफ्यातल्या ओळीला लागल्या.

भिलारनंतर वेरूळ, अंकलखोप, पोंभुर्ले, नवेगावबांध ही गावंही ‘पुस्तकांचं गाव’ या योजनेत आली. पाटीसमोर फोटो काढून निघून जाणारे पुष्कळ, आणि पावसाळ्यात ओलीपासून पुस्तकं जपायचं काम घरच्यांच्याच माथी.

(संध्याकाळ. कादंबरीचं घर.)

खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लागल्या. दिवसभर दुसऱ्यांची मतं ऐकणाऱ्या या वहिनींना शेवटी तोच प्रश्न विचारला. त्यांनी पदराला हात पुसले आणि फ्रिजवरचं पुस्तक खाली काढलं. खूण म्हणून त्यात लाइटचं बिल घातलेलं होतं.

“चाळीस पानं राहिलीत अजून. संपल्याशिवाय नाही सांगणार.”

(बिलाची खूण. दिवा.)