ठाण्याहून की ठाणेहून?

(दृश्य : ठाणे स्थानक. नावाची पिवळी पाटी. लोकल येऊन थांबते.)

पाटी एकच, नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असं तीनदा रंगवलेलं. ज्याला जे वाचता येईल ते त्यानं वाचावं. वेबसाइटला ही चैन परवडत नाही. तिला एका वेळी एकच भाषा दाखवायची असते, आणि कोणती ते पान उघडायच्या आत ठरवायचं असतं.

(दृश्य : महापे. संगणकाचा पडदा, ब्राउझरचा नेटवर्क टॅब, म्हणजे पानानं सर्व्हरकडे काय काय मागितलं त्याची यादी.)

ही ब्राउझरची मागणी. ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’च्या ओळीत लिहिलंय : एमआर-आयएन, मग एमआर ०.९, मग ईएन ०.८. आधी भारतातली मराठी, नाहीतर नुसती मराठी, तीही नसेल तर इंग्रजी. आकडा पसंतीचा, जिथे लिहिलेला नाही तिथे १ धरायचा. वापरणाऱ्यानं साइटवर स्वतः भाषा निवडून ठेवली असेल, तर मात्र ही ओळ बघायचीच नाही.

(दृश्य : त्याच टॅबमध्ये लाल ४०४.)

आता हा लाल आकडा : मागितलेली फाइल सापडली नाही. पानावरची स्क्रिप्ट ब्राउझरची भाषा सांगणारं ‘नॅव्हिगेटर लँग्वेज’ वाचते. तिथे मिळतं एकच मूल्य, एमआर-आयएन. त्याच नावाची फाइल ती मागते. सर्व्हरवर फाइल आहे नुसत्या एमआर नावाची. मराठी मजकूर जागेवर आहे, तरी पान इंग्रजीत उघडतं. २००६ सालच्या आरएफसी ४६४७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात यावरची रीत दिलेली आहे : शेवटचा तुकडा छाटा, पुन्हा शोधा. एमआर-आयएन नाही? मग एमआर. तेही नाही, तरच पुढची भाषा. कोड जेमतेम १० ओळींचा. त्यात एक काटा आहे : ब्राउझर मधे हायफन देतो, गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या फोल्डरांना अंडरस्कोर लागतो. तुलनेआधी दोन्ही सारखे करून घ्यायचे.

(दृश्य : निळं बटण. आत अक्षर नाही.)

हे बटण रिकामं का? मराठीच्या फाइलमध्ये किल्ली, म्हणजे मजकुराचं ठरलेलं नाव, आहे, तिच्यासमोर अवतरणचिन्हं आहेत, आत काही नाही. भाषांतर व्हायचं राहिलंय. आय-एटीन-नेक्स्ट या भाषांतराच्या लायब्ररीला रिकामा मजकूरही चालतो, म्हणून ते इंग्रजीकडे वळत नाही. ‘रिटर्न एम्प्टी स्ट्रिंग’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला की वळतं. गेटटेक्स्टची तऱ्हा उलटी. तिथे रिकामी ओळ आणि ‘फझी’, म्हणजे ‘भाषांतर तपासायचंय’, असा शेरा असलेली ओळ, दोन्ही फाइल कंपाइल करताना गळतात आणि मूळ इंग्रजी दिसतं. फाइलमध्ये मराठी डोळ्यांना दिसते, पानावर नाही. शेरा काढेपर्यंत नाही.

(दृश्य : ‘ल’ आणि ‘श’ मोठ्या आकारात. वळण बदलतं.)

पानाच्या सुरुवातीला भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली, की मराठी रूपं असलेल्या फाँटमध्ये ही दोन अक्षरं आपल्या वळणाची होतात. एक शब्द लिहिला, बस्स.

पानांच्या प्रती साठवणाऱ्या कॅशला ‘व्हेरी : ॲक्सेप्ट-लँग्वेज’, म्हणजे भाषेगणिक प्रत वेगळी ठेव, असं सांगितलं नाही, तर पहिल्या माणसाची भाषा दुसऱ्याच्या माथी जाते, आणि वैतागून तो इंग्रजी निवडतो.

(दृश्य : लोकलच्या खिडकीतून ऐरोली, रबाळे, तुर्भे. मधे पडद्यावर तिकिटाचं नमुना पान.)

साच्यात लिहिलंय : अमुक स्थानक, आणि त्याला चिकटून ‘हून’. ऐरोलीहून. घणसोलीहून. वाशीहून. चाचणी या तिघांवर झाली तर सगळं छान. मग येतं ठाणेहून, तुर्भेहून, सानपाडाहून. दिघा गाव धरून ठाणे ते वाशी ९ स्थानकं, त्यातल्या ६ नावांचं रूप प्रत्ययापूर्वी बदलतं. इंग्रजी साच्यात ‘फ्रॉम’ बाजूला उभा राहतो, म्हणून साचा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

‘कुठून : ठाणे’ असं लिहून सुटका होते, पण ते वाचताना सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा स्थानकांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, सामान्यरूपाचा : ठाण्या, रबाळ्या, कोपरखैरण्या, तुर्भ्या, सानपाड्या, दिघा गावा. बाकीच्या तिघांचं मूळ नावच पुन्हा लिहायचं. ‘हून’, ‘ला’, ‘पर्यंत’, ‘मध्ये’ हे चारही या एका रकान्याला जोडता येतात.

‘त’ मात्र साच्यात नको. ठाण्यात चालतं, वाशीत चालतं. गाडी पुढे पनवेलला गेली की अडतं. पनवेलत कुणी राहत नाही.

(दृश्य : पनवेल. पाटी. गाडी थांबते.)